‘मूळ’ चव कुठली? ‘द मायग्रंट्स टेबल’ मुंबईतून वाचताना

परदेशातलं मराठी स्वयंपाकघर हा विषय घ्यायचा म्हटलं की कृष्णेंदु रे यांचं ‘द मायग्रंट्स टेबल’ (2004) वाचावंच लागतं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या बंगाली कुटुंबांच्या जेवणावरचं हे पुस्तक चांगलं आहे. माझी तक्रार त्याची चौकट उचलून जशीच्या तशी गिरगाव-दादर-परळच्या कुटुंबांवर बसवण्याबद्दल आहे.

रे नुसतं ‘काय खाता’ विचारत नाहीत, दिवसातल्या कुठल्या जेवणाला काय खाता हे विचारतात. निष्कर्ष साधा दिसतो, पण मोलाचा आहे: न्याहारी अमेरिकन होते, रात्रीचं जेवण बंगाली राहतं. तुलनेसाठी बंगालमधल्या जेवणाची रीतही ते मांडतात. मूळ इकडे, बदल तिकडे.

मुंबईच्या बाबतीत नेमकी हीच पायरी डळमळते. न्यू जर्सीतल्या मराठी घराची यादी करा. चक्क्याऐवजी ग्रीक योगर्ट, खव्याऐवजी रिकोटा किंवा दूध पावडर, ओल्या खोबऱ्याऐवजी फ्रोझन, पापलेटऐवजी तिलापिया. यादी खरीच आहे. पण ‘मूळ’च्या रकान्यात काय लिहाल? आजी लालबागची असेल तर म्हणेल, आमचा मालवणी मसाला. उन्हाळ्यात लालबागच्या मसाला बाजारात जाऊन, मिरची निवडून, भाजून, डंकावर कुटून वर्षाचा भरून ठेवलेला. त्यातली ब्याडगी हावेरीकडची, संकेश्वरी बेळगावकडची. म्हणजे नातू ज्याला घरची चव म्हणतो, ती शहराच्या बाजारातून जमवलेली आहे. (मिरची मुळात अमेरिका खंडातूनच इकडे आली, हा विनोद तूर्त राहू दे.)

रे यांच्याच पुस्तकाच्या वर्षी, 2004 मध्ये, मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचं ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ आलं. खाद्यसंस्कृतीच्या वाचनयादीत ते सहसा नसतं. असायला हवं, कारण मुंबईकर मराठी माणसाचा पहिला परदेश परळच होता. बायकामुलं गावी ठेवून आलेला चाकरमानी गाववाल्यांच्या सामायिक खोलीत राहायचा आणि खानावळीत जेवायचा. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. एखाद्या बाईची चाळीतली खोली, महिन्याचा हिशोब, आणि जमलं तर बाई आपल्याच मुलखातली. पैसे पगार झाल्यावर, तोवर तिची वाण्याकडे उधारी, नाहीतर सावकाराचं व्याज. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देणं हे त्याचं मोठं काम. 1982 च्या संपात जेवणाऱ्यांचाच पगार थांबला, तेव्हा खानावळीचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

आता ‘कशाऐवजी काय’ हा प्रश्न इथे लावून बघा. पर्याय शोधला गेला तो रांधणाऱ्या हाताला. खोबरं-कोकम पुढची गोष्ट. रे यांच्या अभ्यासाचं एकक कुटुंब आहे, आणि मध्यमवर्गीय स्थलांतरितांसाठी ते बरोबरच आहे. पण गिरणगावात जेवण कुटुंबाबाहेर, पैशाच्या व्यवहारात शिजत होतं. त्या घरातली नात पुढे अमेरिकेला गेली, तर तिचं ते घरातलं पहिलं स्थलांतर नाही, दुसरं किंवा तिसरं आहे. प्रश्नावलीत ‘मूळ गाव’ हा एकच रकाना असेल तर हे सगळं त्यात गडप होतं.

यावर कोणी म्हणेल, मग मूळ असं काही नसतंच, सगळंच चालतं. तसंही नाही. माशाच्या कालवणात आमसुलाऐवजी चिंच घालतील, पण चिंचेची सोलकढी कोणी करणार नाही. डब्यातलं नारळाचं दूध चालवून घेतील, बीट घालून आणलेल्या रंगाला मात्र नावं ठेवतील, मग ते बीट एडिसनमध्ये घातलेलं असो की दादरच्या हॉटेलात. माणसं अडतात कुठे, ती जागा नोंदवा. बदललेल्या जिनसांच्या यादीपेक्षा मला ती जास्त कामाची वाटते, आणि ती मिळायला फॉर्म पुरत नाही, ओट्याशी उभं राहावं लागतं.

मुलाखतीला जाताना अजून एक प्रश्न जवळ ठेवा: मुंबईत आल्यावर पहिल्या वर्षी तुमच्या घरातल्या माणसाला कोण जेवू घालत होतं, आणि तिला महिन्याला किती देत होते?