गोळी हुकली असती तर

आमच्या मंडळात दर महिन्याला एकीनं एक पुस्तक सांगायचं, असा रिवाज आहे. बहुतेकजणी चरित्र घेतात, नाहीतर प्रवासवर्णन. माझी पाळी आली तेव्हा मी जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा नेल्या. "ते विज्ञानाचं आम्हाला काय कळणार बाई?" असं एका काकूंनी आधीच सांगून टाकलं.

मला हसू आलं. पल्य म्हणजे केवढा काळ, हे चातुर्मासात ऐकत या काकू मोठ्या झाल्या. योजनभर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, तो कोकराच्या केसांच्या बारीक तुकड्यांनी ठासून भरायचा, शंभर वर्षांनी एक तुकडा काढायचा, आणि खड्डा रिकामा व्हायला लागेल तेवढा काळ धरायचा. हे ज्यांच्या कानाला सवयीचं, त्यांना कृष्णविवराजवळ घड्याळ मंद चालतं याचं नवल ते काय? आणि आपलं पद्मपुराण तर अद्भुताचा खुलासा करण्यात फार पुढचं. रविषेणाचार्यांनी सातव्या शतकात सांगून ठेवलंय की रावणाला दहा तोंडं नव्हतीच. गळ्यातल्या हाराच्या रत्नांत त्याच्या तोंडाची नऊ प्रतिबिंबं पडत, म्हणून तो दशमुख. वानरसुद्धा माकडं नव्हेत, ध्वजावर वानराचं चिन्ह असलेले विद्याधर. अद्भुत तर हवं, पण ते पटलंही पाहिजे, ही मागणी आमच्या घरात जुनीच आहे.

नारळीकर मूळचे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, जन्म 1938 चा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. बक्षीस मिळालं ते त्या जगतापांना. मोठ्या शास्त्रज्ञानं नाव लपवून परीक्षेला बसावं, हे मला अजूनही आवडतं.

मंडळात मी वाचून दाखवली ती 'गंगाधरपंतांचं पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक अपघातानं अशा एका जगात जातात, जिथं 1761 मध्ये पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही, ती कानाजवळून गेली. मराठे जिंकले, पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा झाला. पंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचं फाटकं पान असतं. कथा म्हणून अगदी घट्ट विणलेली.

पण सीमाभागातल्या माणसाला ही कथा जरा वेगळीच लागते. 1 नोव्हेंबर 1956 ला रेघ थोडी अलीकडे-पलीकडे पडली असती तर, हा खेळ इथं प्रत्येक घरात जेवताना चालतो. आणि निपाणीनं न हुकलेली गोळीही पाहिली आहे. 1981 च्या एप्रिलमध्ये तंबाखूला भाव मागत हायवेवर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली. तिथली गोळी हुकवणारी कथा अजून कुणी लिहिली नाही.

माझी तक्रार आहे ती पुढची. पंत त्या बदललेल्या मुंबईत हिंडतात, पण राज्य बदलल्यावर बायकांचं काय बदललं, हे बघायचं त्यांना सुचत नाही. पानिपत जिंकल्यावर निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणारी बाई सकाळी उठून कुठं गेली असती? तिच्या पोराला शाळा मिळाली असती काय? (वखारी आमच्या समाजातल्या लोकांच्याही होत्या, हे मी मंडळात म्हणाले तेव्हा दोघीजणी खाली बघू लागल्या. म्हणायला नको होतं असं मला वाटत नाही.) इतिहास बदलणाऱ्या लेखकानं स्वयंपाकघराचं दार एकदा तरी ढकलून बघावं एवढंच माझं मागणं.

'धूमकेतू' कथेत तर दार उघडतं, पण आत काय दिसतं? दत्तदा दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतात, आणि त्यांची बायको इंद्राणीदेवी अशुभ टळावं म्हणून यज्ञ करते. विज्ञान नवऱ्याकडं, भीती बायकोकडं. अंधश्रद्धेवरचा राग खरा आहे, मला पटतो. पण हेच नारळीकर घरात मंगलाताईंसारख्या गणितज्ञ बाईबरोबर राहिले, ज्यांनी साध्या वाचकांसाठी गणितावर लिहिलं. तशी बाई कथेत का आली नाही? आम्हीही शांतिविधानाला बसतो. मी स्वतः बसते, आणि त्याच आठवड्यात नातवाला ग्रहण का लागतं ते लिंबू आणि संत्रं घेऊन समजावते. दोन्ही एकाच बाईत असतात, हे लेखकाला दिसायला हवं होतं. तेवढ्यापुरती ती कथा मला कच्ची वाटते. पानिपताची नाही वाटत.

पुस्तक त्या काकूंनीच घरी नेलं. परत द्यायला आल्या तेव्हा उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "वाचलो बघ सगळं. काय अवघड नाही की. पण मला सांग, त्या इंद्राणीला कुणी दुर्बिणीतून बघू दिलं काय एकदा तरी?"

मी पुस्तक घेऊन पुन्हा वाचायला बसले.