‘रंजक’ शब्दाच्या अर्थाविषयी

इ. स. १८१८ च्या एप्रिलात यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्यानजीक शिवणी येथे दुसऱ्या बाजीरावाचा मोड झाला. त्या काळच्या कागदांत ‘रंजक उडाली’ असे आल्यास ‘बंदूक सुटली’ अशी टीप देणे युक्त नव्हे. संस्कृताच्या सवयीने प्रस्तुत लेखकही प्रथम रञ्ज् धातूकडेच धावला होता. वस्तुतः नळीत दारू व गोळी गजाने ठासल्यावर कानात घालावयाची बारीक दारू ती रंजक. चाप ओढताच गार पोलादावर आपटून ठिणगी पडते, रंजक पेटते व छिद्रातून आग आत जाते. छिद्र बुजलेले किंवा आतील दारू ओली असल्यास रंजक उडते, बार होत नाही. सबब संपादकांनी पुढील वाक्य पाहूनच अर्थ ठरवावा; नाहीतर वाया गेलेल्या बाराने टिपेत मनुष्य मरावयाचा.