राजदंडाचा आक्रोश

कर्कश स्वराला कलेच्या अंगणात पाऊल टाकू द्यावे की नाही, हा वाद मराठी रसिकाला नवखा नाही. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडला जन्मलेल्या केशवसुतांनी १८९३ मध्ये कवितेच्या मैफलीत तुतारी आणली. तिचा सूर मंजुळ नव्हता आणि तसा तो असावा अशी कवीची इच्छाही नव्हती. पुढे १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, आणि ज्या शब्दांना सभ्य घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवले जाई त्याच शब्दांनी मराठी कवितेची कूस बदलली. आज हे दोन्ही कवी पाठ्यक्रमात आहेत. तेव्हा एखादा आवाज आपल्या कानांना टोचतो एवढ्यावरून तो कलेबाहेरचा ठरवण्याची घाई वाचकांनी करू नये, एवढीच विनंती करून आम्ही प्रस्तुत विषयाकडे वळतो.

विषय आहे मुंबईतील ‘सेप्टर’ या वाद्यवृंदाचा. सेप्टर म्हणजे राजदंड. १९९८ च्या सुमारास स्थापन झालेला हा संच ‘थ्रॅश मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रकारात वाजवतो आणि भारतातील या प्रकारच्या सर्वांत जुन्या संचांमध्ये त्याची गणना होते. साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात या गोंगाटाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर साधे आहे. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुले रविवारी गायकवृंदात उभी राहतात आणि सोमवारी कानांत यंत्र घालून हेच संगीत ऐकतात. ती काय ऐकतात हे ठाऊक नसताना त्यांना ‘बंद कर ते’ म्हणणे सोपे असते. त्यातून संवाद मात्र होत नाही.

प्रथम या प्रकाराची घडण पाहू. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत, मुख्यत्वे कॅलिफोर्नियात, मेटॅलिका, स्लेअर, एक्सोडस, मेगाडेथ हे संच पुढे आले. न्यूयॉर्कमध्ये अँथ्रॅक्स उभा राहिला. मेटॅलिकाचा ‘किल देम ऑल’ १९८३ चा, तर स्लेअरचा ‘रेन इन ब्लड’ १९८६ चा. विद्युत गिटारचा ध्वनी मुद्दाम फाटका, खरखरीत करायचा. उजव्या हाताचा तळवा तारांवर दाबून धरायचा, म्हणजे प्रत्येक आघात लांबत न जाता घणासारखा तुटक पडतो. ढोलवादकाने दोन्ही पायांनी मोठ्या ढोलावर अखंड ठोके द्यायचे. आणि लय इतकी द्रुत ठेवायची की ऐकणाऱ्याचा श्वास वर यावा. गायक गातो म्हणण्यापेक्षा ओरडतो. हे सारे ऐकताना अनागोंदी वाटते. वास्तविक या संगीताला कमालीची शिस्त लागते. त्या वेगात एका वादकाची मात्रा चुकली तर सारा डोलारा कोसळतो. आपल्याकडील द्रुत तबलावादन ज्यांनी लक्षपूर्वक ऐकले आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

मुंबईत हे बी रुजले, त्याआधी जमीन नांगरली गेली होती. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’ या संचाने दुसऱ्यांची गीते वाजवण्याची रीत सोडून स्वतःची इंग्रजी गीते रचली, १९८८ मध्ये स्वतःची ध्वनिमुद्रिका काढली आणि पुढे १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव भरवला. त्याचे घर म्हणजे धोबी तलावावरील, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारचे रंगभवन. याच खुल्या रंगमंचावर १९७८ पासून जॅझ यात्रा भरत असे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवती किमान शंभर मीटरचा शांतता-परिसर ठरवून दिला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत रंगभवनातील रात्रीच्या मैफली बंद पडल्या. रुग्णाच्या विश्रांतीचा हक्क मोठा आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु त्या तरुण वादकांच्या हातून त्यांचे एकमेव मोठे अंगण गेले, हेही तितकेच खरे.

सेप्टरची कारकीर्द सुरू झाली ती नेमकी या उतरत्या सावलीत. ज्या १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि रत्नागिरीहून मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली, त्याच सुमाराचा हा संच. ‘भूमिगत’ हा शब्द मराठी वाचकाला १९४२ ची आठवण करून देतो. या संगीताला तेच विशेषण लावतात, पण त्याचा अर्थ निराळा. पोलीस मागे नसतात. मागे कोणीच नसते. चित्रपट दारात उभे करीत नाही, आकाशवाणी वाजवीत नाही, मोठी ध्वनिमुद्रण कंपनी हात लावीत नाही. मग उपाहारगृहांच्या लहान दालनांत, महाविद्यालयांच्या महोत्सवांत, भाड्याच्या ध्वनिक्षेपकांवर वाजवायचे. या क्षेत्रातील बहुतेकांप्रमाणे दिवसा नोकरी करायची आणि तिच्या पगारातून तारा विकत घ्यायच्या. सेप्टरमध्ये माणसे आली, माणसे गेली. गिटारवादक गिलरॉय फर्नांडिस हे नाव मात्र सातत्याने या संचाशी जोडलेले राहिले. सॅमरॉन ज्यूड यांचा कंठ आणि अनिकेत वाघमोडे यांचे ढोलवादन ही त्याची पुढील काळातील ओळख. ही नावे एका ओळीत वाचली की मुंबईतील एखाद्या शाळेच्या वर्गाची हजेरी ऐकल्यासारखे वाटते, आणि ते खोटेही नाही.

२००८ मध्ये या संचाची ‘नाऊ ऑर नेव्हर’ ही छोटी ध्वनिमुद्रिका निघाली. संपूर्ण लांबीची पहिली ध्वनिमुद्रिका, ‘एज ऑफ कॅलॅमिटी’, यायला २०१३ साल उजाडले. म्हणजे स्थापनेपासून सुमारे पंधरा वर्षे. दरम्यान इतरांची नावे दूरवर गेली. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या मुंबईच्याच संचाला २०१० मध्ये ब्रिटनमधील ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाचा पुरस्कार मिळाला. पंधरा वर्षांत लग्ने होतात, मुले शाळेत जाऊ लागतात, गिटार माळ्यावर जाते. या संचाची गिटार माळ्यावर गेली नाही. गुणवत्तेचा विचार करताना चिकाटीला वेगळे गुण देऊ नयेत असा समीक्षेचा दंडक आहे आणि तो आम्ही पाळू. पण त्या चिकाटीची नोंद न करणे हा कृपणपणा ठरेल.

‘एज ऑफ कॅलॅमिटी’चे वेगळेपण तिच्या विषयात आहे. सारी ध्वनिमुद्रिका एका सूत्रात ओवलेली आहे आणि ते सूत्र म्हणजे स्त्रियांवर होणारे अत्याचार. विक्रीतून येणारे उत्पन्न अनाथ मुलींसाठी देण्याचे संचाने जाहीर केले. दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेने देश हादरलेला होता; ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या शक्ती मिलच्या आवारात पुन्हा तसाच प्रकार घडला. अशा वर्षात हे स्वर उमटले. ज्या संगीतप्रकारात पुरुषी बळाचे प्रदर्शन हाच पुष्कळदा आरंभ आणि शेवट असतो, त्या प्रकारातील पुरुषांनी आपला सारा आवाज स्त्रीच्या दुःखामागे उभा करावा, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही. आणि येथे रूप व आशय यांची गाठ पक्की बसते. या दुःखावर गोड चाल बांधली असती तर ती ऐकणाऱ्याला अश्रू देऊन मोकळी झाली असती. तुटक, घणाचे आघात त्याला तसे मोकळे होऊ देत नाहीत.

कोकणच्या माणसाला यासाठी परदेशी उदाहरण शोधायला नको. शिमगा आठवावा. ढोलताशांच्या गजरात पालखी नाचते, फाका घातल्या जातात, होळीभोवती बोंब ठोकली जाते. एरवी घरात आवाज न चढवणारा माणूस त्या रात्री तोंडावर हात नेऊन ओरडतो आणि सारे गाव त्याला ती मुभा देते. ‘बोंब मारणे’ या शब्दाला आपण तक्रारीचा अर्थ दिला तो उगाच नव्हे. वर्षभर गिळलेले काही तरी त्या आवाजातून बाहेर पडते. थ्रॅशच्या मैफलीत डोकी घुसळणारी मुले पाहिली की आम्हाला हाच शिमगा दिसतो. फरक एवढाच की शिमग्याला गाव असते, मानकरी असतात, संपण्याची तिथी असते. शहरातील या बोंबेला यांपैकी काहीच नाही. २८ ऑक्टोबर २०११ रोजी मेटॅलिकाचा गुडगावमधील कार्यक्रम सुरक्षेच्या कारणाने आयत्या वेळी रद्द झाला आणि संतापलेल्या जमावाने मंचाची नासधूस केली. दोनच दिवसांनी बंगळूरला तोच संच हजारोंसमोर सुरळीत वाजवून गेला. दोष संगीताचा की व्यवस्थेचा, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आता उणिवांकडे. पहिली उणीव शब्दांची. ज्यांच्यासाठी हा आक्रोश केला, त्यांच्यापैकी किती जणींना तो कळेल? गीते इंग्रजीत आहेत आणि ओरडण्याच्या शैलीमुळे इंग्रजी जाणणाऱ्यालाही छापील पान हाती घ्यावे लागते. केशवसुतांची तुतारी आणि ढसाळांची शिवी दोन्ही मातृभाषेत होत्या, म्हणून त्या घरात शिरल्या. दुसरी उणीव अधिक खोल आहे. गीतांच्या शीर्षकांत देवाचा कोप आहे, न्यायाचा दिवस आहे. युगान्ताची ही सारी शब्दकळा अमेरिकेतील पूर्वसूरींकडून जशीच्या तशी आलेली आहे. परिणामी अत्याचार इतका विश्वव्यापी होतो की त्यातील बाई दिसेनाशी होते. तिला नाव नाही, स्वयंपाकघर नाही, बंद दार नाही. आकाश कोसळताना दाखवणे सोपे; एका खोलीत चढलेला हात दाखवणे अवघड. त्या खोलीपर्यंत ही ध्वनिमुद्रिका पोहोचत नाही. तिसरे म्हणजे, जिच्याविषयी एवढे बोलले गेले तिचा स्वतःचा कंठ येथे केंद्रस्थानी नाही.

या संगीतातील धार्मिक शब्दांविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्या घरांतील आक्षेप बहुधा तेथूनच सुरू होतो. मुंबईच्याच ‘डिव्हॉइड’ या संचाने २०१० मध्ये काढलेल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘अ गॉड्स लाय’ असे आहे. असे नाव वाचून श्रद्धावंताचे मन दुखावते, आणि त्या दुखावण्याला हसण्याचे कारण नाही. सवंग धक्का देण्यासाठी केलेली देवनिंदा आम्हाला कलादृष्ट्याही दुबळीच वाटते. धक्का ओसरला की मागे काही उरत नाही. पण देवाला जाब विचारणे आणि देवाची टवाळी करणे यांत अंतर आहे. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, यिर्मयाने देवाशी वाद घातला; विलापगीत नावाचे एक संपूर्ण पुस्तकच पवित्र शास्त्रात आहे. आपल्या तुकोबांनी विठ्ठलाशी केलेली भांडणे तर सर्वश्रुत आहेत. स्लेअरचे गायक टॉम अराया, ज्यांच्या संचाची गीते ऐकून कोणताही धर्मगुरू कपाळाला हात लावील, स्वतःला कॅथोलिक म्हणवतात. ही विसंगती आम्ही सोडवू शकत नाही, पण ती पाहून झटपट शिक्का मारण्याचा मोह आवरतो. सेप्टरच्या गीतांतील ‘देवाचा कोप’ आम्हाला निंदेपेक्षा विलापाच्या बाजूचा वाटतो. अन्यायावर देव रागावतो असे मानणे ही श्रद्धेचीच एक रीत आहे.

शेवटी मूल्यमापन. ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ ही थोर कलाकृती नव्हे. तिची शब्दकळा उसनी आहे आणि तिची दृष्टी फार उंचावरून पाहते. तथापि ती प्रामाणिक आहे, तिचे वादन कसलेले आहे आणि तिने आपल्या सुरांचे उत्पन्न व आपला विषय या दोहोंत फारकत होऊ दिली नाही. पंधरा वर्षे कोणी ऐकत नसताना वाजवत राहिलेल्या माणसांना, ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचतो, असे आम्हाला वाटते. पुढील तरुण वादक हाच आवाज मराठीत आणतील, कोकणीत आणतील, एखाद्या मुलीच्या कंठातून आणतील, तेव्हा हा राजदंड खऱ्या अर्थाने चालेल.

पालकांसाठी एकच गोष्ट सांगून थांबतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रीला संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आहे. तरीही आपल्या वाड्यांत, आपल्या इमारतींत रात्री भिंतीपलीकडून रडणे ऐकू येते, आणि आपण दूरदर्शन संचाचा आवाज थोडा वाढवतो. मुलाच्या खोलीतील गोंगाट मात्र आपल्याला क्षणभरही सहन होत नाही. त्याचे दार ठोठावण्यापूर्वी, आपण आजवर कोणत्या आवाजांना दार उघडले आणि कोणत्या आवाजांवर ते लावून घेतले, याचा हिशेब प्रत्येक घराने मांडावा.