कवीने वगळलेला लाल रंग

ग्रीक कथेतल्या इकॅरसचे मेणाचे पंख वितळले आणि तो समुद्रात पडला. ब्रूगेलच्या नावाने ओळखले जाणारे या प्रसंगाचे चित्र ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे. (ती प्रत असावी, असे आज अनेक अभ्यासक मानतात.) त्यात नजर प्रथम नांगरणाऱ्याच्या लाल बाहीवर खिळते, बुडणारे पाय कोपऱ्यात शोधावे लागतात. ऑडन यांच्या १९३८ मधील कवितेत नांगरणारा आहे, पण लाल रंग नाही. रंग दोनच : पायांचा पांढरा, पाण्याचा हिरवा. चित्रकाराने जे दडविले, त्यावरच कवीने प्रकाश टाकला. चित्र न पाहिलेल्याला ही वजाबाकी उमगणार नाही, एवढी उणीव खरी. आधीच्या ओळींत रक्तसाक्ष्यही येते. तिथेही रक्ताचा रंग नाही. गुड फ्रायडेच्या प्रवचनांत मी त्या रंगावर किती शब्द खर्चिले, ते आठवून संकोचलो.