'कन्यादान'मधील पित्याची पाठवणी

विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान' (१९८३) या नाटकाची चर्चा बहुधा अरुण आठवले या दलित कवीच्या चित्रणापाशी येऊन थांबते. त्या चित्रणावरील आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. परंतु या वादात शीर्षक मागे पडले. दान करणारा पिता हाही या नाटकाचा तितकाच महत्त्वाचा विषय आहे.

नाथ देवळालीकर आणि ज्योती यांच्या जवळिकीचा पाया लाडांपेक्षा विचारांत आहे. समाजवादी नाथांच्या घरात प्रत्येक प्रश्नाची चर्चा होते आणि मुलीच्या मतालाही मान असतो. साहजिकच ज्योती वडिलांचीच भाषा बोलत वाढली आहे. ती अरुणशी विवाह करण्याचा मनोदय सांगते, तेव्हा आई सेवा आणि भाऊ जयप्रकाश संसाराविषयीच्या व्यावहारिक शंका काढतात. नाथांना मात्र जातिनिर्मूलनाची घोषणा आपल्या घरात प्रत्यक्षात उतरल्याचा आनंद होतो. मुलगी दुरावणार, हे दुःख त्यांना शिवतही नाही.

येथे कालिदासाच्या कण्वाची आठवण अपरिहार्य आहे. चौथ्या अंकातील कण्व शकुंतलेचा जन्मदाता नाही, संसारीही नाही. तरी तिच्या निघण्याने तो व्याकूळ होतो आणि नंतर, ठेव ज्याची त्याला परत केल्यासारखा निश्चिंत होतो. नाथांजवळ ही व्याकुळता नाही आणि निश्चिंतीही नाही. दानात 'न मम' म्हणावे लागते. नाथांना ते म्हणता येत नाही, कारण ज्योतीचा संसार हा त्यांच्या लेखी आपल्याच विचारांचा प्रयोग असतो. मार खाऊन माहेरी आलेली ज्योती पुन्हा अरुणबरोबर जाते, तेव्हाही त्यांना अभिमान वाटतो तो आपल्या संस्कारांचा! तेंडुलकरांचा उपरोध येथे सर्वाधिक कठोर आहे, आणि प्रेक्षकाला तो काहीसा उशिराच जाणवतो.

पुढे अरुणच्या आत्मकथनाची नाथ जाहीर सभेत स्तुती करतात. मुलीचा छळ वाढू नये म्हणून, मनाविरुद्ध. ज्योतीला हे खोटेपण तत्काळ ओळखू येते, कारण वडिलांचा खरा स्वर तिच्याइतका कोणालाच परिचित नाही. जवळीक येथे उलटते. माणसातले चांगले जागे करता येते, ही त्यांचीच शिकवण ती त्यांच्यापुढे ठेवते आणि माणसातला पशू व प्रेमाचा माणूस वेगळे काढता येत नाहीत, हा आपला अनुभव सांगते. ती पित्याला दोषी ठरवते, पण त्यांनी शिकवलेली रणातून न पळण्याची निष्ठा मात्र सोडत नाही. नाटकाची शोकात्मता या विसंगतीत आहे. केवळ नवऱ्याच्या क्रौर्यात ती शोधणे अपुरे ठरते.

विवाहाने ज्योती घराबाहेर पडली होती. पण तिची खरी पाठवणी होते ती या शेवटच्या प्रवेशात, आणि ती करते ज्योती स्वतः. आपण आता देवळालीकर नाही, आठवले आहोत, असे बजावून गरोदर ज्योती निघते. बाळंतपणाला माहेरचे कोणी येऊ नये, असेही सांगते. नाथ अडवू शकत नाहीत. आयुष्यभर सभा जिंकणाऱ्या या माणसाजवळ निरोपाचा एकही शब्द उरलेला नसतो.