फाब्रचा रातकिडा आणि वांगणीचा

निरीक्षण कसे लिहावे याचा नमुना हवा असला म्हणजे आपल्याकडे हटकून फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ज्याँ आंरी फाब्र याचे नाव निघते. त्याच्या कीटकविषयक आठवणींच्या दहा खंडांत (१८७९ ते १९०७) रातकिड्यावरची प्रकरणे आहेत. फाब्र बरीच वर्षे शाळेत शिकवीत होता, आणि ते त्याच्या लिहिण्यात जाणवते. ही प्रकरणे वर्गात मोठ्याने वाचावीत अशीच आहेत. पण ती कशी वाचावीत याविषयी आम्हांला काही सांगायचे आहे.

आधी त्याची थोरवी. रातकिडा पाय घासून आवाज काढतो, असे आजही काही वर्गांत सांगितले जाते. तसे काही नाकतोडे करतात. रातकिड्याचा नर पुढचे दोन पंख एकमेकांवर घासतो. उजवा पंख वर असतो, त्याच्या खालच्या बाजूला कानशीसारखी दातेरी शीर असते. डाव्याची कड तिच्यावरून फिरते. फाब्रने या शिरेवर सुमारे १५० दाते असल्याचे लिहिले आहे. मग त्याला प्रश्न पडला, डावा पंख वर ठेवला तर? नुकतीच कात टाकलेल्या नराचे मऊ पंख त्याने उलटे बसवले आणि ते तसेच वाळू दिले. आता डावखुरा वादक तयार होणार, अशी त्याची अटकळ. पण नराने खांदे निखळतील इतकी धडपड करून उजवा पंख पुन्हा वर आणला. आपली फजिती फाब्रने मोकळेपणाने सांगितली आहे. त्या दोन पानांसाठी आम्ही बाकीचे पुष्कळ माफ करू.

माफ करण्याजोगे आहेही. मीलनाच्या वेळी कोण कोणाकडे जातो? गाणारा नर आणि मुकी मादी यांच्यात आवाज हाच दुवा असेल तर मादीनेच नराकडे जायला हवे, इथपर्यंत फाब्र बरोबर पोहोचतो. आणि तिथेच माघार घेतो! जनरीत सांभाळायची तर नरच जात असणार, त्याला वाट दाखवणारी काही खास शक्ती असावी, असे तो म्हणतो. पिंजऱ्यातल्या किड्यांचा दाखलाही देतो. पण हातभर जागेत कोण कोणाकडे गेले याला कितीसा अर्थ? मुलगी पाहायला मुलाकडची मंडळी जातात, हा नियम त्याने किड्यांनाही लावला.

याचे उत्तर शोधले तेही एका शिक्षकानेच. स्लोव्हेनियात जन्मलेले इव्हान रेगेन व्हिएन्नात शाळाशिक्षक होते. १९१३ साली, फाब्र हयात असतानाच, त्यांनी गाणाऱ्या नराचा आवाज टेलिफोनवरून दुसऱ्या जागी ठेवलेल्या मादीला ऐकवला. वास नाही, दर्शन नाही, केवळ तारेतून आलेला आवाज; तरी मादी त्या आवाजाच्या रोखाने गेली. तिचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात.

दुसरी अडचण आपल्या मुलांची. फाब्रचा रातकिडा उन्हाच्या उतारावर बीळ खणतो, दारापुढे गवताचा झुबका राखतो. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला वांगणीत नागली-वरईच्या शेतात हे वर्णन घेऊन गेलेले मूल तसे घर शोधत फिरेल आणि हिरमुसून परतेल. फाब्रची ती जात युरोपातली. आपल्याकडे सर्रास आढळणारा काळा, पंखांच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके असलेला रातकिडा तसले घर बांधत नाही. ढेकळांखाली, दगडांखाली, जमिनीच्या भेगांत राहतो. युरोपातली जात पिल्लाच्या अवस्थेत हिवाळा काढते, वर्षाला एक पिढी. आपल्या काळ्याला असा मुक्काम लागत नाही. फाब्रचे शब्द पाठ करून आलेला विद्यार्थी बांधावरचा खरा किडाच चुकीचा ठरवील, ही आमची धास्ती आहे.

रेगेनचा प्रयोग आता वांगणीच्या शाळेतही करता येईल. गाणाऱ्या नराचा आवाज मोबाइलवर मुद्रित करावा आणि अंधार पडल्यावर मोबाइल बांधाजवळ ठेवून तो वाजवावा. हे गाणे साधारण साडेचार ते पाच हजार हर्ट्‌झचे असते, तेवढे लहान कर्ण्यालाही पेलते. शेपटाकडे सुईसारखी लांब अंडनलिका दिसली की ती मादी. तिने पुरेसे मीलन आधीच केलेले असेल तर ती येणारही नाही, म्हणून चार-पाच रात्री बघावे. आणि कोणी आले नाही तर वहीत तसेच लिहावे.