ब्रॉडबँड धोरण, २००४ : क्षमता, स्पर्धा आणि दर – एक चिकित्सा

प्रास्ताविक :
भारत सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर केलेल्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट क्षमतेची, सदैव चालू असणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या केली आणि २०१० पर्यंत २ कोटी ग्राहकांचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात त्या वर्षअखेरीस ग्राहकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख होती. या अपयशाचे एक प्रमुख कारण धोरणाच्या मजकुरातच आढळते.

विवेचन :
घरापर्यंत जाणारी तांब्याची तार त्या काळी मुख्यतः भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम या सरकारी कंपन्यांकडे होती. प्रत्येक घरी दुसरी तार टाकणे नव्या कंपनीला परवडणारे नव्हते. म्हणून असलेली तार भाड्याने इतरांना खुली करावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २००४ मध्ये केली होती. धोरणाने ती बंधनकारक न करता परस्परसंमत व्यापारी करारांवर सोपविली. ज्याच्या हाती तार आहे, त्याला प्रतिस्पर्ध्याशी करार करण्याची निकड नसते, हे येथे दुर्लक्षिले गेले. सार्वजनिक पैशातून उभारलेले जाळे खाजगी कंपन्यांना का द्यावे, हा आक्षेप निराधार नव्हता. परंतु त्याचे उत्तर वाजवी भाड्यात होते, तार अडवून धरण्यात नव्हते. ब्रिटनमध्ये २००६ साली बीटी कंपनीअंतर्गत ‘ओपनरीच’ हा वेगळा विभाग स्थापून सर्व सेवादात्यांना समान अटींवर तार देण्याची व्यवस्था झाली.

भारतात दर कोसळले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या प्रवेशानंतर, आणि तेही मोबाइलवर. २०२४ च्या अखेरीस सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांपैकी तारेवरचे ग्राहक जेमतेम ४ कोटी होते. त्याच वर्षी जुलैमध्ये तिन्ही मोठ्या खाजगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढविले, तेव्हा बहुसंख्य ग्राहकांपुढे तारेचा पर्याय नव्हता.

निष्कर्ष :
व्याख्येतील किमान क्षमता २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. व्याख्येतील आकडा वाढविल्याने स्पर्धा निर्माण होत नाही. दर हा स्पर्धेचा परिणाम असतो आणि स्पर्धा शेवटच्या तारेवरील हक्कावर अवलंबून असते. २००४ च्या धोरणाने लक्ष्य निश्चित केले, तो हक्क मात्र अनिश्चित ठेवला. हीच त्याची मूलभूत उणीव होय.